संगीत नाटकातील पद : रंगमंचावरील सादरीकरणाची वाटचाल

मराठी रंगभूमीवरची पहिली पदे पात्रांच्या तोंडी नव्हती. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर होता. खेळभर तो रंगमंचावरच उभा असे. हातात टाळ, जोडीला मृदंग आणि मागे झील धरणारे साथीदार. पुढचा प्रसंग पदातून सांगणे, येणाऱ्या पात्राचे वर्णन करणे, त्याच्या मनातली घालमेल गाऊन दाखवणे ही सगळी त्याची कामे. पात्राने तोवर हावभाव करायचे आणि पद संपले की त्याच आशयाचे भाषण स्वतःच्या हुशारीने, ऐनवेळी करायचे. कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ भाव्यांच्या डोळ्यांसमोर होते. कीर्तनाची सवय असलेल्या प्रेक्षकालाही एकाने गाऊन सांगावे आणि इतरांनी ते दाखवावे यात काही वावगे वाटत नव्हते.

या रीतीत गाणारा गळा आणि अभिनय करणारा देह ही दोन वेगळी माणसे होती. सीतेचा शोक सूत्रधाराच्या आवाजात ऐकू येई आणि सीतेचे सोंग घेतलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसे. सुमारे सदतीस वर्षे ही पद्धत चालली. संगीत नाटकाच्या पुढच्या इतिहासात पद कोणी गायचे, कुठे उभे राहून गायचे, किती वेळ गायचे आणि साथ कुठून करायची, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहिले. त्यांची उत्तरे प्रत्येक पिढीने आपापल्या दिव्यांच्या, यंत्रांच्या आणि प्रेक्षकांच्या हिशेबाने दिली.

पहिले मोठे उत्तर बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचे. पुण्यात पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून त्यांच्या मनात मराठी संगीत नाटकाची कल्पना आली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. सूत्रधाराने नांदी म्हणून नाटकाची प्रस्तावना केली आणि तो आत गेला. पुढची पदे दुष्यंत, कण्व आणि शकुंतला यांनी स्वतः म्हटली. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत होते, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. गळा आणि देह एका माणसात आले. मराठी रंगभूमीवर इतका मूलगामी बदल पुन्हा क्वचितच झाला असेल.

‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या घरात पदे होती. एवढी पदे एका नाटकात मावत, याचे कारण त्यांच्या लांबीत आहे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा जातींतल्या दोन-चार ओळी आणि ओव्या, अभंग, लावण्या, कानडी गाणी यांच्या ओळखीच्या चाली. पात्राने बोलता बोलता पदात शिरायचे, दोन कडवी म्हणायची आणि पुन्हा बोलण्यावर यायचे. समोरच्या पात्राने उत्तरही पदातूनच द्यायचे. पद हे संवादाचेच एक रूप असल्यामुळे नट समोरच्या पात्राकडे पाहून गाऊ शकत होता. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली आले. त्यातल्या कृष्ण-रुक्मिणीच्या, नारदाच्या आणि सुभद्रेच्या पदांत गप्पांचा जो ओघ आहे, तो याच समजुतीतून आलेला आहे.

रंगमंचाची साधने तेव्हा बेताची होती. जंगल, राजवाडा आणि रस्ता असे रंगवलेले गुंडाळी पडदे, दोन्ही बाजूंना विंगा आणि मंचाच्या पुढच्या कडेला ओळीने लावलेले दिवे. या उजेडात मागे उभ्या असलेल्या नटाचा चेहरा दिसणे कठीण, आणि ध्वनिवर्धक नसल्यामुळे त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणेही कठीण. त्यामुळे पद आले की पुढे यायचे ही गरज होती. पुढे दिवे बदलले, ध्वनिवर्धक आले, पण ते पाऊल पुढे पडायचे थांबले नाही. ‘सौभद्र’मध्ये कृष्ण रुक्मिणीला रात्र सरून उजाडत असल्याचे दाखवतो, त्या पदाला परंपरेने देसकाराचे स्वर आहेत. पडद्यावर पहाट रंगवता येत नव्हती, दिवा हळूहळू मोठा करण्याची सोयही नव्हती. तेव्हा सकाळ आणायची ती शब्दांनी आणि रागाने. नेपथ्याचे काम स्वरांनी केल्याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे.

किर्लोस्कर मंडळीत १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि पदाकडे पाहण्याची प्रेक्षकांची नजर बदलू लागली. त्यांचा आवाज उंच, धारदार आणि चपळ होता. त्यांची सुभद्रा ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत. टाळ्यांनी पद परत मागण्याची, म्हणजे ‘वन्समोअर’ची प्रथा याच काळात जोर धरू लागली. वन्समोअर घेताना पात्राला कथेतला क्षण थांबवून पुन्हा मागे जावे लागते. एकदा प्रेक्षकाने ते मान्य केले की पद कथेतून थोडे सुटे होते. ‘शाकुंतल’मध्ये गळा आणि देह एक झाले होते; आता त्याच देहात पात्र आणि गवई असे दोघे राहू लागले.

गोविंद बल्लाळ देवलांनी मात्र पदाला कथेत घट्ट बांधून ठेवले. १८९९ सालच्या ‘शारदा’त म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लग्न ठरवलेली मुलगी आपल्या आईशी आणि मैत्रिणींशी पदांतून बोलते. शब्द घरातले, चाली सोप्या. अशा पदात तान मारली तर शारदेचे दुःख खोटे वाटेल, म्हणून गाणाऱ्या नटालाही आवर घालावा लागतो. पद आणि प्रसंग यांचा मेळ हाच निकष धरला तर देवलांच्या पुढे फार थोडे नाटककार जातात. त्याच सुमारास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनय’पासून पारशी आणि उर्दू रंगभूमीच्या ठसकेबाज चाली आणल्या. चाल आधी आणि शब्द नंतर, अशी रीत त्यातून बळावली.

१९०५ साली मिरजेला नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी तर ख्यालाच्या बंदिशींवरून थेट पदे बांधली. दोनशे पदांच्या जागी आता पन्नासएक पदे, पण एकेक पद दहा-पंधरा मिनिटे चाले आणि वन्समोअर मिळाला की त्याहूनही लांबे.

या काळातले सादरीकरण आजच्या दिग्दर्शकाला स्थिर वाटेल. नायिका मंचाच्या मध्यावर, थोडी पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी. समोरचे पात्र बाजूला सरून ऐकत थांबलेले. हालचाल म्हणावी तर पदर सावरणे, मान वळवणे, हाताची एखादी अदा. पण या स्थिरपणाला अभिनयाचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. बालगंधर्व शब्दाला धरून गात. एकाच ओळीला दर खेपेला वेगळा भाव देत आणि तान घेतानाही ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीचा लाडिकपणा किंवा सिंधूचा सोशिकपणा हातचा जाऊ देत नसत. अभिनय हालचालीतून स्वरात गेला होता. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त १९१९ साली दळण दळणारी गरीब सिंधू उभी करताना हीच ताकद कामी आली. भरजरी शालूतल्या रुक्मिणीवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनी ठिगळांच्या लुगड्यातल्या सिंधूलाही तितकेच आपले मानले.

साथीची जागाही आता ठरली. रंगमंचापुढच्या खोलगट जागेत किंवा विंगेच्या तोंडाशी ऑर्गन, तबला आणि सारंगी. १९१३ साली गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. त्या काळच्या कुठल्याही मैफलीने हेवा करावा अशी ही साथ होती. साथीदार समोर बसलेले असल्यामुळे गाणाऱ्याची नजर साहजिकच पुढे राही. समेवर थिरकव्यांकडे पाहून हसणारी रुक्मिणी प्रेक्षकाला खटकत नव्हती. पायपेटीवजा ऑर्गनचा भरदार, अखंड स्वर मोठ्या नाट्यगृहात गायकाला आधार देई. नाट्यसंगीताचा म्हणून जो खास नाद आज कानाला ओळखू येतो, तो बऱ्याच अंशी या वाद्याचा आहे.

देखाव्यांवरचा खर्चही वाढत गेला. १९२० च्या ‘द्रौपदी’त मयसभेचा देखावा उभारताना गंधर्व मंडळीने हात आखडला नाही, आणि मंडळीवरच्या कर्जात असल्या हौसेचा वाटा मोठा होता. मात्र एवढ्या श्रीमंत नेपथ्यातही पद गाताना नट त्या नेपथ्याचा उपयोग करीत नसे. मयसभा मागे राही आणि गाणे पुढे होई.

ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले यांची गायकी वेगळ्या जातीची होती: जोरकस, तडफदार, वीररसाला मानवणारी. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकाच नाटकात, एकाच मंचावर दोन गायनशैली एकमेकींना उत्तर देत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. त्यांच्यानंतर बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्श सांभाळली आणि मामा वरेरकरांच्या सामाजिक नाटकांबरोबर पु. श्री. काळे यांचे वास्तव वाटणारे नेपथ्य मंचावर आणले. खरी दारे-खिडक्या असलेल्या खोलीत पात्राने एकाएकी पुढे येऊन गाणे मग विचित्र दिसू लागले. गुंडाळी पडद्यासमोर जे सहज होते, ते तीन भिंतींच्या खोलीत खटकू लागले. दीनानाथ मंगेशकरांनी बळवंत संगीत मंडळीतून, विशेषतः १९२७ च्या ‘रणदुंदुभी’त, पदाला आक्रमक, अनपेक्षित वळणांची गती दिली. त्या नाटकाचे संगीतकार वझेबुवा यांच्या चाली आणि दीनानाथांचा गळा यांच्या जोडीत स्थिर उभे राहूनही वादळ उठवण्याची शक्ती होती.

नाट्यगृहाबाहेर आणखी एक बदल होत होता. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. पंधरा मिनिटांचे पद त्यात बसवायचे तर मुखडा, अंतरा आणि चार नेमक्या ताना एवढेच उरे. तबकड्या गावोगाव गेल्या आणि ज्याने नाटक कधी पाहिले नव्हते त्याच्यासाठी तीन मिनिटांचे तेच पद खरे ठरले. पुढे नाट्यगृहात येणाऱ्या प्रेक्षकाच्या कानात ती तबकडी आधीच वाजत असे आणि नटाच्या गाण्याची तुलना तिच्याशी होई. पद नाटकातून सुटून स्वतंत्रपणे नांदू लागले. नाट्यसंगीताची मैफल, आकाशवाणीवरची नाट्यपदे हा सगळा विस्तार त्यातूनच पुढे आला.

स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करणे हीसुद्धा पदाच्या सादरीकरणातली मोठी घटना होती. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह काढलेल्या नूतन संगीत नाटक मंडळीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून स्त्री-पुरुष एकत्र काम करू लागले. हिराबाईंची सुभद्रा प्रेक्षकांसमोर आली. किराणा घराण्याचा शांत, सुरेल लगाव सुभद्रेच्या पदांना मिळाला आणि नटाने कमावलेल्या स्त्रीत्वाची आर्जवी लकब हळूहळू बाजूला पडू लागली. तरीही बालगंधर्वांनी घालून दिलेला नखरा पुढच्या गायिकांनीही कित्येक वर्षे जपला. पुरुषाने रचलेली स्त्रीची प्रतिमा स्त्रियांनी गाण्यातून पुढे नेली, ही मराठी रंगभूमीची एक विलक्षण गोष्ट आहे.

बोलपटाने १९३१ नंतर नाटक कंपन्यांचा कणा मोडला. पण पदाच्या मांडणीबद्दल नवा विचारही याच काळात झाला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ केले. नाटक ब्यर्न्सनच्या नॉर्वेजियन नाटकावर आधारलेले. संगीत केशवराव भोळ्यांचे. पदे मोजकी, भावगीताच्या अंगाची आणि प्रसंगातून सहज उगवणारी. ज्योत्स्ना भोळे घरात वावरणाऱ्या मुलीने गुणगुणावे तशी गात. तानांना जागा नव्हती, वन्समोअरचा प्रश्न नव्हता आणि प्रसंगाला पार्श्वसंगीताची जोड होती. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने १९४२ च्या ‘कुलवधू’त हीच वाट लोकप्रिय केली. मास्टर कृष्णरावांच्या चाली, ज्योत्स्नाबाईंचे गाणे, मध्यमवर्गीय दिवाणखाना आणि तीन तासांत आटोपणारे नाटक. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांचे दिवस संपले होते. लांब पदाला सगळ्यात मोठा अडसर घड्याळाचा झाला.

ध्वनिवर्धक आल्यावर नटाला आवाज फेकण्याची गरज उरली नाही, पण सुरुवातीचे ध्वनिवर्धक एका जागी उभे असत. पद म्हणायचे तर त्याच्यासमोर जाणे भाग. उजेडासाठी पुढे येणाऱ्या नटाला आता यंत्राने एका जागी खिळवले. हळू, कुजबुजता स्वर मात्र प्रथमच शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागला आणि चालींमध्ये नाजूक काम करायला वाव मिळाला.

जुन्या नाटकांची आठवण विझू नये म्हणून मराठी रंगभूमीच्या १९४३-४४ च्या शताब्दी महोत्सवांनी आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगांनी मोठे काम केले. जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने १९४९ पासून ‘सौभद्र’, ‘शाकुंतल’, ‘स्वयंवर’ गावोगावी चालू ठेवले. कीर्ती शिलेदारांनी तो वारसा अखेरपर्यंत सांभाळला. त्यांच्या प्रयोगांत पदे कमी केलेली असत, पण उभे राहण्याची, वन्समोअर घेण्याची, साथीदारांशी नजर मिळवण्याची रीत गंधर्व काळाचीच होती. परंपरा जिवंत ठेवायची तर तिच्या सवयीही ठेवाव्या लागतात, असे त्या प्रयोगांकडे पाहून वाटते. विद्याधर गोखल्यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ अशा नव्या नाटकांतून १९६० नंतर त्याच भरघोस गायकीला पुन्हा गर्दी मिळवून दिली.

पदाच्या मांडणीचा सर्वांत समंजस फेरविचार मात्र जितेंद्र अभिषेकींनी केला. १ मे १९६४ रोजी गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले. अभिषेकींनी पद चार-पाच मिनिटांत संपेल असे बांधले. आलाप-तानांचा ऐवज मुखड्यातच गुंफला आणि चालीलाच असा घाट दिला की गाणाऱ्याने वाटेल तितके लांबवण्याची सोयच उरली नाही. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर यांनी ती पदे पात्राच्या मनःस्थितीतून न ढळता गायली. गाणे चालू असतानाही नाटक थांबत नाही, हे अभिषेकींनी सिद्ध केले. देवलांनी शब्दांनी जे साधले होते, ते त्यांनी चालीच्या बांधणीतून साधले.

१९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने वेगळाच मार्ग काढला. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी पात्रेच गवई केली. खाँसाहेब आणि पंडितजी गातात ते गाणे हाच त्यांचा व्यवसाय आणि गायकी हेच त्यांच्या झगड्याचे कारण. मग पात्राने मैफलीसारखे बसून गाणे, मंचावर तंबोरा असणे, तान लांबणे, दाद मिळणे हे सगळे कथेतच बसते. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांनी या मोकळिकीचे सोने केले. ऐंशी वर्षे पात्र आणि गवई यांच्यात चाललेली ओढाताण इथे एका युक्तीने मिटली; अर्थात ही युक्ती प्रत्येक नाटकाला वापरता येणारी नव्हती.

सत्तरच्या दशकात गाणारा समूह परतला. १६ डिसेंबर १९७२ रोजी आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जब्बार पटेलांनी ब्राह्मणांची ओळ मानवी भिंतीसारखी उभी केली. भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर ती डोले, गाई, फुटे आणि पुन्हा जुळे. कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेमुळे गाणे आणि हालचाल एकच झाली. कीर्तन, अभंग, लावणी यांच्या चाली, सूत्रधार आणि झिलकरी यांच्याकडे पाहताना भाव्यांच्या खेळाची आठवण होते. फरक इतकाच की इथे गाणारा समूह कथेतल्या पापात सामील आहे. नाटकाला कोणी ‘संगीत’ म्हणत नसले तरी पद आणि देह यांचा संबंध याच नाटकाने सर्वांत धीटपणे बदलला.

जुन्या नाटकांचे नवे प्रयोग आता छोटे असतात. ‘सौभद्र’ अडीच-तीन तासांत बसवायचे तर शंभराहून अधिक पदांतली वीस-पंचवीसच ठेवता येतात. वगळली जातात ती बहुतेक साक्या आणि दिंड्या, म्हणजे किर्लोस्करांनी संवाद म्हणून लिहिलेला भाग. उरतात ती नावाजलेली, लांब गाता येणारी पदे. त्यामुळे आज दिसणारे ‘सौभद्र’ मूळ ‘सौभद्र’पेक्षा अधिक मैफलीसारखे होते. हे नुकसान मोठे आहे, कारण पदातून चालणारी बोलाचाली हाच त्या नाटकाचा प्राण होता.

२०१० साली राहुल देशपांडे यांनी आजोबा वसंतरावांची खाँसाहेबांची भूमिका घेऊन सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कट्यार’ पुन्हा उभी केली. २०१५ च्या चित्रपटात कॅमेऱ्याने गाणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत जाऊन नाट्यगृहातले अंतर मिटवले. बिनतारी माइक कपाळाशी किंवा कॉलरला लावून नट आता मंचभर फिरत, पाठमोरा होऊनही गाऊ शकतो. प्राजक्त देशमुखांच्या २०१७ च्या ‘संगीत देवबाभळी’त आवली आणि लखुबाई पाणी भरताना, जखम बांधताना, चालता चालता प्रत्यक्ष गातात; या भूमिका करणाऱ्या शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांना गाण्यासाठी वेगळे उभे राहावे लागले नाही. महाराष्ट्राच्या राज्य संगीत नाट्य स्पर्धेत आणि गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेत मात्र ऑर्गन आणि तबला मंचाजवळ दिसतो, नांदी पूर्वीसारखीच होते आणि पदाचा उठाव घेताना नट आजही दोन पावले पुढे येतो.